क्लस्टरचे वाटे घालणारा

अख्ख्या पनवेल-उरण पट्ट्यात मशीनशी अदबीनं बोलणारा एकच इंजिनिअर निपजला, आणि तो नेमका माझ्याच टीममध्ये यावा, हे माझं नशीब. आम्ही सगळे त्याला करंजावाला म्हणायचो. आईबापांनी ठेवलेलं रीतसर नाव त्याला होतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर ते छापलेलंही होतं. पण उरणच्या पलीकडच्या करंजा बंदरातून हा गडी रोज डब्यात बोंबील घेऊन आमच्या एसी ऑफिसात शिरे, तेव्हा ते छापील नाव कुणाच्या जिभेवर येतच नसे. मी त्याची टीम लीड. सगळं ऑफिस मला मॅडम म्हणे, हा पहिल्या दिवसापासून "ताय". एकदा मी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "अरे, ऑफिसात मॅडम म्हणावं." तो मान डोलावून म्हणाला, "मॅडम काय, कोनीपन असतंय. ताय थोडी कोनीपन असतंय?" मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागले. त्या माणसाबरोबर काम केलेल्या सगळ्या वर्षांत मी हेच करत आले.

आमचं ऑफिस नवीन पनवेलमध्ये, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टचं दार होतं; ते उघडलेलं मी क्वचितच पाहिलं. बिग डेटा हा शब्द तेव्हा नवा नवा होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी होता. आमचा बिग डेटा म्हणजे जासईच्या कंटेनर यार्डांतला हिशेब. कुठला कंटेनर कधी आत आला, कुठल्या ट्रेलरवर चढला, किती तास उन्हात तापत पडला, या सगळ्याची माहिती दिवसरात्र आमच्याकडे वाहत यायची आणि आमचं क्लस्टर ती दळायचं. क्लस्टर हे काही फार गूढ प्रकरण नव्हे. एका मशीनला न झेपणारं काम बरीच मशीनं मिळून करतात, एवढंच. मात्र या मशीनांशी बोलायचं तर आधी कनेक्शन जोडावं लागतं, आणि ते कसं जोडायचं याची सेटिंग्ज असतात. कुठल्या मशीनकडे जायचं, कुणाच्या नावानं जायचं, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, पुन्हा किती वेळा विचारायचं, एका माणसाला एका वेळी किती कनेक्शन द्यायची. जगातले बाकीचे इंजिनिअर ही सेटिंग्ज कुठून तरी उचलतात, चिकटवतात आणि चहाला जातात. आमचा करंजावाला त्यांच्यासमोर मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखा बसायचा.

डिफॉल्ट या शब्दाचा त्याला मनस्वी राग. "डिफॉल्ट म्हंजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल, ताय. चालता येतंय, पन बोटं सोलतात." मग तो प्रत्येक आकडा स्वतः ठरवणार. त्यातही टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, हा त्याचा खास विषय. पुस्तकात लिहिलेली मुदत त्याला उद्धटपणाची वाटे. समोरचं मशीन कामात आहे, दहा जणांचं ऐकतंय, त्याला उत्तर द्यायला जरा उशीर झाला की आपण तोंड फिरवून निघून जायचं? ही काय रीत झाली? त्यामुळे त्यानं लावलेल्या कनेक्शनला मुदत म्हणून नसायचीच. एकदा विचारायचं आणि थांबायचं. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे तर शुद्ध आगाऊपणा. टीममधली पोरं चिडायची, अरे, स्क्रीन अडकलीय की चालू आहे, कळायला नको का? हा शांतपणे म्हणायचा, "चालू हाय. इचार करतंय."

बरं, हे मशीनपुरतंच असतं तर मी काही बोलले नसते. एका रविवारी दुपारी हा माझ्या रोडपालीच्या घरी चुलतभावाच्या हळदीचं आमंत्रण द्यायला आला. आम्ही नवराबायको आठवडाभराची झोप काढत होतो. यानं बेल वाजवली, एकदाच, आणि जिन्यात बसला. संध्याकाळी मी दूध आणायला दार उघडते तर हा पायरीवर! शेजारच्या काकूंनी त्याला चहा दिला होता, पिशवीतल्या पापलेटांसाठी फ्रीजमधला बर्फ दिला होता आणि आपल्या गुडघेदुखीची सगळी हकिगतही सांगून झाली होती. मी ओरडले, "अरे वेड्या, पुन्हा बेल वाजवायची ना!" तर म्हणे, "वाजवली व्हती ना एकदा. आयकली असंल तं उघडतील, झोपले असतील तं झोपूं दे." तेव्हापासून काकू मला तो मुलगा पुन्हा कधी येणार म्हणून विचारायच्या. माझ्या स्वतःच्या भावाबद्दल त्यांनी कधी विचारलेलं नाही.

त्याच्या उशिरा येण्याचीही एक तऱ्हा होती. करंजाहून पनवेलला यायचं म्हणजे उरणची एसटी, आणि जासईला ट्रेलरची रांग लागली की एसटी गेली कामातून. दुसरा कुणी खोटं बोलला असता, पोट दुखतंय म्हणाला असता. हा फोन करायचा, "ताय, आपला डाटा रस्त्यात आडवा झालाय." म्हणजे कंटेनर कलंडलाय. ऑफिसात पोहोचल्यावर आधी तोच कंटेनर क्लस्टरमध्ये शोधायचा आणि तो यार्डात वेळेवर पोहोचल्याची नोंद आधीच पडलेली असली, तर दिवसभर त्या यार्डवाल्यांवर संतापलेला असायचा. खोटेपणा त्याला सहनच होत नसे. अप्रेझलच्या वेळी तुझ्या कमतरता काय असं विचारलं की लोक म्हणतात मी जरा जास्तच मेहनत करतो. यानं मला मोजून एवढी मोठी यादी दिली होती की शेवटी मीच म्हणाले, बास रे बाबा, जागा संपली.

पण त्याचा खरा पराक्रम म्हणजे वाटे. त्याच्या बापाची बोट होती. बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. प्रत्येक गड्याचा एक वाटा, जाळ्याचा वाटा, आणि खुद्द बोटीचाही वाटा. त्याच्या बापाच्या बोटीवर आणखी एक रीत होती. एखादा गडी आजारी पडून घरी असला, तरी त्याचा वाटा निघायचाच. त्याबद्दल कुणी विचारायचं नाही आणि कुणी बोलायचंही नाही. कुणाच्या तरी पोराच्या हाती तो घरी पोचायचा. आमच्या क्लस्टरवर एका वेळी किती कनेक्शन चालवायची याला मर्यादा होती, आणि ती कुणाला किती द्यायची यावरून पोरांची रोज जुंपायची. मी कंटाळून हे काम करंजावाल्याच्या गळ्यात मारलं. त्यानं सरळ वाटे घातले. प्रत्येकाचा एक वाटा ठरवला आणि थोडी कनेक्शन कुणालाच न देता मोकळी ठेवली. "ही कुणाची?" मी विचारलं. "बोटीची," तो म्हणाला. मला हसू आलं, पण खरं सांगते, त्यानंतर आमचं क्लस्टर गुदमरून बंद पडलेलं मला आठवत नाही. हळदीला गेलो तेव्हा तिथेही हेच. मंडपात हा स्वतः वाढायला उभा. मटणाचं पातेलं काखेत धरून त्यानं जाहीर केलं की सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा मिळणार नाही. नवरदेवाचा मामा रुसून उठला, डीजेवाला मध्ये पडला, पण हा ढिम्म. मामाला दुसरी वाटी मिळाली ती सगळ्यात शेवटी, आणि तीही ह्याच्या स्वतःच्या पानातली.

आता रफिकभाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या टीममधले ते सगळ्यात वडीलधारे, पनवेलच्या जुन्या वस्तीत राहणारे, डेटाबेसचे उस्ताद. करंजावाला त्यांना चाचा म्हणायचा आणि ते त्याला येता-जाता झापायचे. दोघांची दुपारची वेळ बोंबील चांगला की सोडे चांगले या वादात जायची. रफिकभाईंच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. तरीही मधल्या दिवसांत ते येत राहिले, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, भिंतीला हात लावत. मग एक दिवस सकाळी त्यांनी लॉगिन केलं, क्लस्टरला कनेक्शन जोडलं, आणि खुर्चीतच कलंडले. आम्ही त्यांना उचलून रिक्षात घातलं. त्यानंतर ते ऑफिसला आलेच नाहीत. जिना चढणंच शक्य नव्हतं, आणि आमच्या क्लस्टरला ऑफिसबाहेरून जोडता येत नसे, तसा यार्डवाल्यांचा दंडक होता.

इथेच सगळी गोम होती. आमच्या कंपनीत ज्याचं नाव महिनाभर क्लस्टरवर दिसत नाही तो आपोआप प्रोजेक्टबाहेर जाई. प्रोजेक्टबाहेर गेला की पुढे नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर इलाजाचा विमाही. रफिकभाईंच्या बायकोची किडनी त्यांना जुळली होती. ऑपरेशन ठरायचं होतं, आणि ते त्या विम्यावरच होणार होतं. मी हेड ऑफिसला एकामागून एक ईमेल लिहीत होते, अतिशय नम्र, अतिशय मुद्देसूद. महिने गेले तरी रफिकभाईंचं नाव काही कटलं नाही. माझी समजूत झाली की माझ्या ईमेलांनी कुणाचं तरी काळीज हललं. नवऱ्यापुढे मी थोडी बढाईसुद्धा मारली.

याच दिवसांत करंजावाला मला भलताच छळू लागला. त्याचे रिपोर्ट सगळ्यांच्या मागून यायचे. सकाळी लावलेलं काम संध्याकाळ झाली तरी रांगताना दिसायचं. शिवाय कोपऱ्यातलं एक मशीन तो कुणाला रीस्टार्ट करू देईना. पोरं म्हणायची मशीन तापलंय, बंद करून चालू करू. हा आडवा पडायचा. पंखा आणून लावला, खिडकीला ओला टॉवेल बांधला, पण रीस्टार्ट नाही म्हणजे नाही. मी विचारलं तर म्हणे, "ताय, कोन बसलंय त्याच्यात. कसं उठवाचं?" मी थकलेली होते, मला घरी जायची घाई होती, आणि हा असलं काही ना काही रोजच बोलायचा. मी म्हटलं, "बसू दे बाबा, तूही बस," आणि पर्स उचलली.

मग बेंगळुरूहून हेड ऑफिसचा साहेब आला. साहेब कसला, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा मुलगा, स्वभावानं गरीब, पाठीला सॅक. त्याचं काम एवढंच की सगळ्या ऑफिसांतल्या क्लस्टरची सेटिंग्ज एकसारखी करायची. एकच साचा, सगळ्यांना लागू. साचा बसवला की सगळी मशीनं रीस्टार्ट होणार, जुनी कनेक्शन तुटणार, आणि त्या आठवड्याच्या आत ज्यानं ऑफिसात येऊन नव्या पासवर्डनं स्वतः लॉगिन केलं नाही, त्याचं नाव गळणार. साहेबानं आमची सेटिंग्ज उघडली आणि वाचता वाचता त्याच्या भुवया वर चढत गेल्या. एका कनेक्शनपाशी तो थांबला. कित्येक महिने ते उघडं होतं, त्याच्यावर काहीही काम चालू नव्हतं, फक्त ठरावीक वेळानं ते क्लस्टरला "आहे, आहे" असं कळवत होतं. तशी सोय असते, कनेक्शन तुटू नये म्हणून.

"ये किसका है?" साहेबानं विचारलं.

"रफिकचाचा का," करंजावाला म्हणाला.

"लेकिन ये तो कुछ काम नहीं कर रहा."

"हां सर. बीमार है."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाला वाटलं मशीनबद्दल बोलतोय. माझ्या डोक्यात मात्र हळूहळू उजेड पडायला लागला. मी करंजावाल्याला म्हटलं, "नीट सांग." त्यानं नीट सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतंच त्याच्या लेखी. चाचा कलंडले त्या दिवशी त्यांचं कनेक्शन चालू होतं. यानं त्याची मुदत काढून टाकली आणि ते तुटू दिलं नाही, बस. "आमी त्येच्या नावानं काय केलं नाय, ताय. पासवर्ड घेतला नाय, काम केलं नाय. चालू व्हता, चालू ठेवला." रीस्टार्टला तो का आडवा पडायचा ते आता कळलं. "आणि त्यांच्यासाठी वाटा आणलास कुठून? ते येईनासे झाल्यावर त्यांचा वाटा तर पोरांनी केव्हाच वाटून घेतला," मी विचारलं. "माज्यातला," तो म्हणाला. म्हणजे त्याची कामं इतके महिने रांगत होती, माझ्या शिव्या तो ऐकत होता, ते यापायी. "अरे मग मला सांगायचं नाही का?" मी जवळजवळ किंचाळलेच. तो गोंधळून म्हणाला, "वाट्याचं कोन बोलतंय का, ताय?"

साहेबानं सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण तो नियमापुढे हतबल होता. साचा बसणारच, शनिवारपर्यंत ज्यानं त्यानं लॉगिन करायचं, एकासाठी अपवाद नाही. त्या संध्याकाळी मी आणि करंजावाला रफिकभाईंच्या घरी गेलो. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, अर्धे उरले होते. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मी इथे पडलोय आणि तिथे माझी हजेरी लागतेय? लाहौल विला! अरे नालायका, जिंदगीभर मी कुणाची फुकटची हजेरी खाल्ली नाही!" करंजावाला मान खाली घालून उभा. तो म्हणाला, "फुकटची नाय, चाचा. आजाऱ्याची हाय." भाभीनं त्यांना पाणी दिलं, आणि आम्हाला म्हणाली, "शनिवारी डायलिसिस नाही यांचं. कसं न्यायचं तेवढं सांगा." रफिकभाई म्हणाले, "मी येणार. माझं नाव मी लिहिणार. अल्लाची मर्जी असेल तर राहील, नाही तर जाईल."

शनिवारी करंजावाला चार चुलतभावांना घेऊन आला, एकेक असा की दारातून आडवाच आत यावा. मिठाईवाल्याकडून त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, रफिकभाईंना तिच्यात बसवलं आणि बोट ओढताना घालतात तशी हाळी घालत जिना चढू लागले. मिठाईच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं, दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासची मुलं कठड्याला लोंबकळली. मी मागून सारखी "हळू, हळू" करत होते. एका वळणावर खुर्ची तिरकी झाली तसे रफिकभाई ओरडले, "अरे सांभाळून! अजून जिवंत आहे मी!" वर पोचलो तेव्हा ते घामानं निथळत होते आणि मी रडायच्या बेतात होते. भाभी मागोमाग हातात पाण्याची बाटली घेऊन.

डायलिसिसच्या सुयांनी त्यांचा एक हात सुजलेला होता. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्यांनी नाव लिहिलं, नवा पासवर्ड लिहिला. तो साच्याला पसंत पडला नाही, त्यात एखादं चिन्ह हवं म्हणे. पुन्हा लिहिला. बटण दाबलं. क्लस्टर नुकतंच रीस्टार्ट झालेलं, सगळ्यांच्या कामाचा ढीग त्याच्यावर, त्यातून रफिकभाईंचं खातं इतके महिने हात न लावलेलं. ते विचार करत बसलं. आणि साच्यातली मुदत ती केवढीशी! वेळ संपली, कनेक्शन झालं नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून, त्याच एका बोटानं. पुन्हा वेळ संपली. आता आणखी एकदा चुकलं की खातं बंद, आणि ते उघडायला हेड ऑफिसचा सोमवार उजाडणार. सोमवारी नाव गळलेलं असणार. रफिकभाईंनी कीबोर्डवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. भाभी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, आता बस झालं, या माणसाला घरी न्या.

करंजावाला साहेबाकडे वळला. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. "सर, वो ना नहीं बोला है. टाइम लग रहा है उसको. जरा रुकने को बोलो ना."

साहेब पुढे झाला, स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचा साचा उघडला आणि मुदतीच्या आकड्यावर बोट ठेवून थांबला. "कितना रखूं?"

"जितना लगेगा."

साहेबानं एक भलामोठा आकडा टाकला. रफिकभाईंनी बिस्मिल्ला म्हणून पुन्हा बोट उचललं. मग आम्ही सगळे थांबलो. मी, पोरं, ते चार चुलतभाऊ, बेंगळुरूचा साहेब. पंखा फिरत होता, खालून जिलेबीच्या तुपाचा वास येत होता, आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही होत नव्हतं. मी आयुष्यात खूप वाट बघितलीय, रिक्षाची, पगारवाढीची, नवऱ्याच्या होकाराची, पण तेव्हासारखी कधी नाही. करंजावाला तेवढा निवांत होता. आणि मग जोडलं गेलं. रफिकभाईंचं नाव पडद्यावर आलं. पोरांनी अशी आरोळी ठोकली की मिठाईवाला धावत वर आला. साहेबानं मुदतीचा आकडा पुन्हा होता तसा केला आणि चष्मा पुसत बसला.

महिना भरायच्या आत ऑपरेशन झालं, विम्यावरच झालं. भाभीची किडनी रफिकभाईंच्या अंगात अगदी सुखानं नांदते आहे. पण करंजावाल्याचं नाव मात्र राहिलं नाही. साहेबानं आपल्या अहवालात होईल तितकं सौम्य लिहिलं होतं, ते मी वाचलंय. वरच्यांनी सौम्य वाचलं नाही. परवानगीशिवाय सेटिंग बदललं, कामात सतत मागे, असे दोन मुद्दे काढून त्याला जायला सांगितलं. मी भांडले. मी ईमेल लिहिले, आणि माझ्या ईमेलांची ताकद किती ते तेव्हा मला नीट कळलं. तो जाताना मला फार वाईट वाटत होतं. तो मात्र बोटीवरून उतरावं तसा उतरला, सगळ्यांना हात करून. रफिकभाई बरे होऊन कामावर आले तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "माझा गधडा कुठाय?" ते कळल्यावर म्हणाले, "मॅडम, माझ्या वाट्यातलं त्याला द्या ना थोडं." मी म्हटलं, "रफिकभाई, नव्या साच्यात वाटे नाहीत हो." त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पुढे ते क्लस्टरही गेलं. ऑफिस हललं, मशीनं कुठल्याशा भंगारवाल्यानं टेम्पोत भरून नेली, आणि आता आमचा सगळा डेटा कुठे दळला जातो ते मला धड सांगता यायचं नाही. सेटिंग्ज वरून तयार येतात, आम्ही त्यांना हातही लावत नाही. मी आता खरंच दमलेय. करंजावाला त्याच्या भावांच्या बर्फाच्या धंद्यात आहे. अधूनमधून फोन करतो. मी मीटिंगमध्ये असले तर फोन वाजून वाजून थांबतो, आणि तो पुन्हा करत नाही, मीच करायची वाट बघतो. मी केला की पलीकडे आधी मासळीच्या लिलावाचा गलका ऐकू येतो आणि मग तो, "ताय, मशीनं कशी हाईत?" मला त्याला भंगाराचं सांगवत नाही. मी म्हणते, मजेत आहेत रे. तो खूश होतो. मग जरा आवाज खाली आणून विचारतो, "आनि चाचा? तुमी सांगा. तो सोता खरं नाय सांगत." रफिकभाई तेव्हा समोरच्या टेबलाशी चहात साखर घातली म्हणून कुणाशी तरी कडाकडा भांडत असतात. मी म्हणते, ठणठणीत आहेत. तेवढं एक तरी मला त्याला खरं सांगता येतं.